दाखवायचा पीस

दुकानात शिरणाऱ्या आईच्या आणि मुलीच्या चेहऱ्यांकडे एकवार पाहिलं की आजचं भांडण कोणत्या वळणाने जाणार, हे संयोगिताला कळत असे. राजारामपुरीतल्या त्या कापडाच्या दालनात दुसऱ्या मजल्यावर तिचा विभाग होता: तेरा ते सतरा वयाच्या मुलींचे तयार कपडे. मुलीला जे हवं ते आईला नको असे, आईला जे हवं ते मुलगी दोन बोटांत धरून लांब करी, आणि बाप सोबत आलाच असेल तर तो जिन्याजवळच्या स्टुलावर बसून मोबाइलमध्ये डोकं खुपसून असे.

अशा वेळी काय करायचं, ते दुकानाचे मालक विजयसिंह यांनी तिला सुरुवातीलाच शिकवलं होतं. सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत भडक कपडा आधी काढायचा. तो विकायचा नसतो. दुकानात त्याला 'दाखवायचा पीस' म्हणत. आई तो बघून कपाळावर हात मारी. "अगंबाई, शिवता शिवता कापड संपलं म्हणायचं काय?" मग संयोगिता तो मुकाट्याने बाजूला ठेवी आणि दुसरा काढी. ज्या कपड्याला त्या आईने एरवी हातसुद्धा लावला नसता, तो आता तिला सोज्वळ वाटे. "हां, ह्यो त्यातल्या त्यात बरा हाय की." मुलगीही खूश होई, कारण तिला मुळात तोच हवा असे.

यात कुणाची फसवणूक होते, असं संयोगिताला कधी वाटलं नाही. दोघी हसत खाली उतरतात, घरी पोचेपर्यंत तरी भांडत नाहीत, यात तिला समाधान होतं. शेजारच्या लहान मुलांच्या विभागातली नसरीन तर म्हणायची, "मी घरात बी तसंच करतो गं. आधी सोन्याच्या बांगड्या मागतो, मग नवरा गपगुमान ड्रेस घेऊन देतोय."

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी मागतो' असं पुरुषासारखंच बोलतात. संयोगिताही तसंच बोले. तिच्या घरात याला अपवाद एकच होता, तिची मुलगी तेजस्वी. तेजस्वी नववीत होती आणि वक्तृत्वस्पर्धांची बक्षिसं आणत होती. शाळेतल्या बाईंनी भाषा सुधारायला सांगितल्यापासून ती घरातही 'मी येते, मी जाते, तसं नाही, असं आहे' करू लागली होती. तिचा बाप कृष्णात तिला चिडवी, "आल्या बघा पुण्याच्या मावशी. चपाती वाढू काय भाकरी, मावशी?" तीही कमी नव्हती. "भाकरीच वाढा, परंतु सन्मानपूर्वक वाढा," असं ती हात उंचावून म्हणे.

त्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली होती. डिसेंबरात तिला राज्याच्या अंतिम फेरीसाठी पुण्याला जायचं होतं. संयोगिता मूळची राधानगरीकडची. चारचौघांत उभं राहिलं की तिचा घसा कोरडा पडे. दुकानात ती जे बोलायची, ते पाठ झालेलं बोलणं होतं. आपल्या पोटची पोर माइकसमोर उभी राहून न अडखळता बोलते, याचं नवल तिला दर वेळी नव्याने वाटे. तेजस्वीने पुण्याला जावं, तिथे बोलावं, आणि असंच बोलत बोलत पुढे कुठंतरी जावं, याखेरीज तिला आयुष्याकडून फारसं मागायचं नव्हतं.

म्हणूनच विजयसिंहांनी विचारलं तेव्हा तिला आनंद झाला. दसऱ्याच्या हंगामासाठी जाहिरात करायची होती.

"वैनी, मुंबईच्या त्या पोरी लावल्या की लोकांना वाटतं, हे आपल्यातलं न्हवं," ते म्हणाले. ते कृष्णातचे शाळेतले सोबती, म्हणून तिला वैनी म्हणत. "आपल्यातली पोरगी पायजे. तुमची तेजस्वी चुणचुणीत हाय, कॅमेऱ्याला बुजायची न्हाय. चार फोटो काढूया."

कृष्णात कागलच्या एमआयडीसीत फिटर होता. त्यानेही मोडता घातला नाही. "काढू दे की. चांगली कापडं घालून फोटो काढला तर काय बिघाडतंय?"

फोटो काढताना संयोगिता तिथेच उभी होती. जॅकेट, पूर्ण लांबीची जीन्स आणि आत गुडघ्यापर्यंतचा सदरा, असा कपडा तिनेच निवडला होता. तेजस्वी सारखी हसत होती. फोटोवाला दोनदा म्हणाला, "एकदा न हसता बघ, एकदाच." ती एकदा न हसता बघत राहिली, आणि लगेच पुन्हा हसली.

नवरात्र तोंडावर आलं असताना नसरीन सकाळी दुकानात आली ती डबासुद्धा न ठेवता सरळ संयोगिताकडे.

"डिजिटल बघितलास काय?"

फ्लेक्सवर छापलेल्या मोठ्या फलकाला कोल्हापुरात डिजिटल म्हणतात. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, कुणाच्या म्हशीने स्पर्धा जिंकलेली असो, चौकात डिजिटल लागतो.

"लागला व्हय? कसा आलाय फोटो?"

नसरीनने हात धरून तिला खाली नेलं, रिक्षात बसवलं आणि स्टँडजवळच्या चौकात उभं केलं.

फलकावर तेजस्वी होती आणि नव्हती. तो न हसलेला एकच फोटो निवडला होता. ओठांना रंग दिला होता, आणि डोळ्यांत कुणा दुसऱ्याच, वयाने वाढलेल्या बाईचा भाव आणून बसवला होता. जॅकेट तेच होतं. आतला सदरा मात्र संगणकावर काढून टाकला होता आणि त्याच्या जागी संयोगिताला पुरता ओळखीचा असलेला कपडा चिकटवला होता. तो दाखवायचा पीस होता. शेजारी हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमची पोरगी शहाणी झाली!' आणि खाली, 'वय तेरा ते सतरा. नवं कलेक्शन.'

पुण्यामुंबईच्या माणसाला त्या वाक्यात काही खुपलं नसतं. शहाणी म्हणजे समजूतदार, चांगलं-वाईट कळणारी, नेमकं काय घ्यावं ते जाणणारी. पण कागल, मुरगूड, राधानगरीच्या घराघरांत मुलगी शहाणी झाली असं म्हणतात ते एकाच अर्थाने, की तिला पाळी सुरू झाली. बाया हे वाक्य आवाज खाली आणून, पदर तोंडाशी धरून बोलतात. पुरुष असले तर तेवढंही बोलत नाहीत.

"त्यांनी मुद्दाम केलंय काय गं?" नसरीनने विचारलं.

"म्हाईत न्हाय," संयोगिता म्हणाली. "मला खाली बसू दे जरा."

दुसरा फलक कागलच्या रस्त्याला होता. कंपनीची बस रोज तिथून जायची. कृष्णात खिडकीशी बसला होता, आणि त्याच्या आधी मागच्यांनी पाहिलं.

"कृष्णात, पेढं कुठं हाईत लेका?" कुणीतरी मोठ्याने म्हणालं. "लोकं वाढदिसाचा डिजिटल लावत्यात. ह्या गड्यानं पोरगी शहाणी झाल्याचा लावला!"

अख्खी बस हसली. ती माणसं वाईट नव्हती. त्यांतल्या तिघा-चौघांनी त्याच्या आजारपणात त्याच्या कामाच्या पाळ्या भरून काढल्या होत्या. पण हसू आलं आणि ते हसले. कृष्णात त्या दिवशी घरी आला, हात-पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तो रागावला असता, ओरडला असता तर संयोगिताला सोपं गेलं असतं. त्याने फक्त एवढं विचारलं, "तू हुतीस न्हवं तिथं, फोटो काढताना?"

दुसऱ्या दिवशी ती विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर खुर्चीवर न सांगता बसली.

"दादा, त्यो बोर्ड काढा."

"वैनी, मला बी काल फोन आलं. एजन्सी पुण्याची. लिवणाऱ्या पोराला काय म्हाईत? त्याच्या लेखी शहाणी म्हणजे हुशार गिऱ्हाईक."

"त्याला म्हाईत नसंल. तुम्हाला हाय. तुमचं आजोळ राधानगरीचं हाय."

विजयसिंहांनी पेपरवेट फिरवला. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते; निदान तोंडावर तरी नव्हते.

"बघितलं तवा हसू आलं, खरं सांगतो. म्हटलं, लोकं बी हसतील आणि इसरतील. आणि त्या कापडाचं... वैनी, तुम्ही दुकानात उभ्या ऱ्हाता. काय दाखवलं की काय खपतंय, हे मी तुम्हाला सांगायचं काय?"

"माझी पोरगी हाय ती."

"माझी बी पुतणीच की. आता हंगामात बोर्ड उतरवला तर लोकं म्हणतील चूक कबूल केली. असं करतो, त्यो शब्द झाकतो. सकाळच्याला पट्टी मारतो वर. मग तर झालं?"

फलक उतरवायला आलेली संयोगिता शब्द झाकण्यावर तयार होऊन बाहेर पडली. जिना उतरताना तिला हलकंसुद्धा वाटलं.

सकाळी पट्टी लागली. पांढरी शुभ्र, नेमकी त्या शब्दाएवढी. 'आमची पोरगी ——— झाली!' रिकामी जागा भरा हा प्रश्न शाळेत सगळ्यांनीच सोडवलेला असतो. दुपारपर्यंत कुणीतरी कोळशाने एक शब्द लिहिला, संध्याकाळी दुसऱ्याने त्यावर दुसरा. रात्रीत त्याचे फोटो फिरले. तेजस्वीच्या वर्गातल्या पोरांनी तिला नावाने हाक मारायचं सोडलं आणि हजेरीच्या वेळी ती 'उपस्थित' म्हणाली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, "झाली!"

यानंतर प्रकरण गावाचं झालं. जिला सगळं शहर आक्का म्हणून ओळखतं ती महिला संघटनेची अध्यक्षा पुढे आली. आक्काने संयोगिताला स्वतः फोन केला.

"बाळ, भिऊ नगंस. आम्ही पोरीच्या पाठीशी हाय. ह्या बाजारवाल्यांना धडा शिकवतो."

"आक्का, बोर्ड तेवढा उतरवा. बाकी कायबी नको."

"उतरवतो की. आधी जरा निषेध करूया."

निषेध म्हणजे काळं फासायचं. चौकात वीस-पंचवीस बाया जमल्या, कॅमेरेवाले आले, काळ्या रंगाची बादली आली. दुकानाचं नाव फलकाच्या अगदी वर होतं आणि शिडी आणायची राहून गेली होती. शब्दावर तर आधीच पट्टी होती. हात पोचत होता तो फक्त तेजस्वीच्या चेहऱ्यापर्यंत. घोषणा चालू होत्या, रंग बादलीत होता, आणि कॅमेरे थांबले होते. आक्काने बोळा बुडवला आणि तिथे फिरवला.

"पोरीची ओळख जगाला दिसू नये म्हणून तिचा चेहरा आम्ही झाकला," ती कॅमेऱ्याला म्हणाली, आणि तसं म्हणताना तिचा तिच्या बोलण्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. काळं तोंड झालेली मुलगी आणि तिच्यापुढे मुठी वळलेल्या बाया. खालचा मजकूर कुणी वाचला नसता तरी चाललं असतं. कोल्हापुरात काळं कुणाच्या तोंडाला फासतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

शाळेतल्या बाईंनी संयोगिताला बोलावून घेतलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी आधी चहा मागवला. "मी तिचं नाव पुण्याच्या फेरीतून काढू देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता हे वाढू देऊ नका. डिसेंबरपर्यंत लोक विसरले पाहिजेत. तेवढं सांभाळा."

संयोगिताने तेवढंच धरून ठेवलं. वाढू द्यायचं नाही.

त्याच आठवड्यात दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात परिसंवाद ठरला. 'जाहिरात, बाजार आणि किशोरवयीन मुली: आपली जबाबदारी.' तेजस्वीने पत्रिका वाचली आणि ती बापाशी न बोलता आईशी बोलली.

"आई, मला जायचं आहे."

"काय करायचंय जाऊन?"

"सगळे माझ्याविषयी बोलत आहेत. मी ऐकायला तरी नको?"

"येतो मी बी," संयोगिता म्हणाली. "पण तोंडाला स्कार्फ बांधायचा. आणि तोंडातनं शब्द काढायचा न्हाय."

त्या शेवटच्या रांगेत बसल्या. गाडीवर बसणाऱ्या मुली बांधतात तसा डोळ्यांखाली घट्ट स्कार्फ बांधलेली तेजस्वी हातातल्या पत्रिकेची घडी घालत आणि उलगडत होती. सभागृह भरलेलं होतं. महाविद्यालयांनी मुलं पाठवली होती.

समाजशास्त्राच्या एक प्राध्यापिका आधी बोलल्या. बाजार मुलींना त्यांचं मोठेपण वेळेआधी विकतो, आणि त्या मोठ्या दिसल्या म्हणून समाज त्यांना शिक्षा करतो, असं त्या म्हणाल्या. संयोगिताला ते इतकं खरं वाटलं की तिने मुलीचा हात धरला. "आपण त्या मुलीविषयी बोलायचं नाही, आपण व्यवस्थेविषयी बोलायचं," असं म्हणून बाईंनी पडद्यावर पहिलं चित्र लावलं. तो फलकच होता. पट्टी नव्हती, काळा रंग नव्हता. चेहरा पुसट करायचं बहुधा गडबडीत राहून गेलं होतं. चित्र बराच वेळ पडद्यावर तसंच राहिलं, कारण बाईंचं बोलणं रंगलं होतं.

मग विजयसिंह उठले. "झाल्या प्रकाराबद्दल मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण एक विचारतो. मी विकतो ते घेतंय कोण? पोरी घेत न्हाईत. पोरींच्या खिशात पैसे नसत्यात. आई घेती, बाप बिल भरतो. माझ्या दुकानात या आणि बघा." यावर कुणालाही उत्तर सुचलं नाही, म्हणून सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली.

आक्का संस्कारांवर बोलली. आमच्या वेळी परकरात झाकून शाळेला जायचो, म्हणाली. त्यावर एक तरुण मुलगी उठून ठासून म्हणाली की खोट कपड्यात नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तिला टाळ्या मिळाल्या. एका निवृत्त गृहस्थांनी, डोळे तर सगळ्यांनाच आहेत, ते काय काढून ठेवायचे काय, असं विचारलं, त्यांनाही मिळाल्या. मधूनच कुणीतरी भिंतीकडून ओरडलं, "अवो पावणं, त्या पोरीची आई त्याच दुकानात कामाला हाय! घरचाच माल, घरचीच जाहिरात!" सभागृह खळखळून हसलं. प्राध्यापिका बाईंनी हात वर करून शांतता मागितली, पण त्यांच्याही ओठांच्या कडा क्षणभर हलल्याचं संयोगिताला दिसलं, किंवा तिला तसं वाटलं.

"कुणाला प्रश्न?" सूत्रसंचालकाने विचारलं.

तेजस्वी उठली. तिचा हात मानेमागच्या स्कार्फच्या गाठीवर होता. ती स्पर्धेत उभी राहते तशीच उभी होती, पाय जुळवून, खांदे सरळ. माइक धरलेला पोरगा त्यांच्या रांगेकडे निघालासुद्धा.

संयोगिताला एकाच वेळी सगळं दिसलं. गाठ सुटेल, चेहरा दिसेल, शंभर मोबाइल वर होतील. उद्या पुन्हा वर्तमानपत्र, परवा पुन्हा बस. वाढू द्यायचं नाही. तिने मुलीच्या कुडत्याचं टोक धरलं आणि खाली ओढलं.

"गप. बस खाली."

"आई, दोनच वाक्यं."

"बस म्हणतोय न्हवं?"

तेजस्वीने तिच्याकडे पाहिलं. स्कार्फमुळे फक्त डोळे दिसत होते. मग ती बसली. माइक पुढच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याकडे गेला. हजेरीचं प्रमाणपत्र आज मिळणार की महाविद्यालयात, असं त्याने विचारलं.

येताना गाडीवर ती मागे बसली होती, पण रोजच्यासारखा तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. कोपऱ्यावर वळताना संयोगिताने तीनदा मागे वळून ती आहे की नाही ते पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मुरगूडला, कृष्णातच्या घरी बैठक झाली. बैठक म्हणजे सोप्यात थोरला भाऊ ज्ञानू, त्याच्या शेजारी खाली मान घातलेला कृष्णात, आणि चौकटीला टेकून बसलेली त्यांची आई बनाबाई. संयोगिता आत-बाहेर करत होती. चहा दिल्यावर ज्ञानूने तिला थांबवलं.

"बस संयोगिता. तुझ्यासंगट बी बोलायचंय. राधानगरीकडं एक स्थळ आलंय. दूधधंदा हाय, घरचं चांगलं हाय. त्यांनी ते समदं पेपरातलं वाचलंय, तरी चालतंय म्हणत्यात."

"कुणाला स्थळ?" तिला खरोखरच कळलं नाही.

"तेजीला. आता सुपारी फोडून ठिवायची, अठरा झाली की बार उडवायचा."

"भावजी!" संयोगिता ताडकन उठली. आपला आवाज एवढा चढू शकतो हे तिला माहीत नव्हतं. "नववीत हाय ती. वक्तृत्वात जिल्ह्यात पयली आलीया. मी मरंन पण हे हूऊ देणार न्हाय. आत्याबाई, तुम्ही तरी सांगा की!"

"पोरगी बोर्डावर चढल्यावर कुणाच्या हातात काय ऱ्हातंय बाई," बनाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

संयोगिता बोलत राहिली. घसा कोरडा पडला तरी बोलली, रडली, उंबऱ्यावर माथा टेकायला निघाली. ज्ञानूने तिला बोलू दिलं. पुरतं बोलून झाल्यावर तो सुस्कारा सोडून म्हणाला,

"बरं, बरं. रडू नगंस. लगीन ऱ्हाऊ दे. तुझंच ऐकू. पण पोरगी हितं आणायची. हितल्या शाळंत घालायची, आजीच्या नजरंखाली ऱ्हाईल. फोन न्हाय आणि ती भाषणं-बिषणं न्हाईत. लोकं इसरूस्तवर. चालंल न्हवं एवढं?"

संयोगिताच्या छातीवरचा दगड उतरला. लग्न टळलं होतं. शाळा तर राहिली. मुरगूड काय परदेश आहे, तासाभराचा रस्ता. डोळे पुसत ती म्हणाली, "चालंल."

आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. हा सुस्कारा तिच्या ओळखीचा होता. रोज दुकानात पहिला कपडा बाजूला ठेवताना ती असाच सुस्कारा सोडे. राधानगरीचं स्थळ हे कुणाला खपवायचं नव्हतंच. बहुधा तसं स्थळ असं काही नव्हतंही. आणि ज्ञानूला ही युक्ती कुणी शिकवलेली नव्हती. त्याने जन्मभर बैलबाजारात आणि भावकीत तेच पाहिलं होतं.

"भावजी," ती चाचरत म्हणाली, "डिसेंबरात पुण्याची स्पर्धा हाय. तेवढी झाली की आणतो. तेवढीच."

"आता आणि काय?" ज्ञानू खरोखर दुखावला. "लगीन नगं म्हणालीस, ऐकलं न्हवं तुझं? थोरल्या भावानं शब्द मागं घेतला तुझ्यासाठी. आता तू बी जरा घी की मागं."

तिने कृष्णातकडे पाहिलं. तो मान वर न करता म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बसमधी अजून बी बोलत्यात."

आतल्या खोलीत तेजस्वी होती. दार उघडंच होतं. सगळं तिच्या कानावर गेलं असणार. संयोगिता आत गेली तेव्हा ती फडताळातल्या डब्यांकडे पाहत बसली होती. आईने काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "माझी पुस्तकं आणून द्या तेवढी."

शाळेच्या दाखल्यावर बाईंनी सही केली आणि संयोगिताशी नजर मिळवली नाही. पुण्याला दुसऱ्या शाळेतला मुलगा गेला.

दिवाळीनंतर स्टँडजवळच्या चौकात नवा फलक लागला. मुंबईची मॉडेल, विशीतली असावी, पण दोन वेण्या घालून शाळकरी केलेली. वाक्य साधं होतं, 'नवं वय, नवी निवड.' कपडा दाखवायचा पीस नव्हता. त्याच्या खालोखालचा, दुसरा होता. चौकातून जाणारे-येणारे बघत आणि मान डोलावत. आक्काने तर एका वाहिनीवर सांगितलं, की बघा, आमच्या आंदोलनाचा परिणाम, आता कसं सोज्वळ आहे. नसरीन म्हणाली, "ह्योच बोर्ड आधी लावला असता तर ह्याच आक्कानं जाळला असता." विजयसिंहांनी संयोगिताला कामावरून काढलं नाही, उलट एकदोनदा विचारपूसही केली.

दुपारी गिऱ्हाईक नसताना ती मुरगूडला सासूच्या फोनवर फोन करी.

"जेवलीस काय, तेजू?"

"जेवलो."

"शाळा?"

"हाय."

"मैत्रिणी झाल्या?"

"न्हाय."

संयोगिता थांबली. तिला वाटलं, आता ती हसेल, आणि कुठल्यातरी जड शब्दाने सगळं उलटवून टाकील. पलीकडे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता.

"पुस्तक कुठलं पाठवू?"

"नको. भांडी घासायची हाईत. ठिवतो."

फोन बनाबाईने घेतला. "काळजी करू नगंस गं. पोरगी लई गुणाची हाय. तोंडातनं शब्द न्हाय, खालची मान वर न्हाय. लई शहाणी झालीया बघ आता." म्हातारीने ते मनापासून, मायेने म्हटलं. आपण कोणता शब्द वापरला, हे तिच्या ध्यानातही आलं नसावं.

जिन्यावर पावलं वाजली. एक आई आणि तिची मुलगी वर आल्या. मुलगी तेजस्वीच्याच वयाची, आईचे ओठ आधीच आवळलेले. संयोगिताने फोन ठेवला. रॅकवर पहिल्या पिसाकडे हात जाता जाता तिने तो मागे घेतला आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, सरळ दुसरा कपडा काढून समोर ठेवला.

"हे बघा. चांगला हाय. धुऊन बी टिकतोय."

आईने तो उचलला आणि टाकून दिला. "शी! हे काय? असलं घालून पोरी हिंडत्यात व्हय? लाज न्हाय तुम्हाला हे दाखवायला?"

"मम्मी, सगळ्या घालतात," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"घालू देत. उद्या तुझा बी डिजिटल लागंल चौकात, मग बस बोंबलत!"

मुलीचे डोळे भरले. आई पर्स उचलून वळली. पलीकडच्या विभागातून नसरीन इकडे बघत होती.

"थांबा ताई, जरा थांबा," संयोगिता म्हणाली. "असं जाऊ नका."

तिने हात वर केला आणि हँगरवरून दाखवायचा पीस काढला.